बायोस अपडेटनंतर तोच एरर पुन्हा पुन्हा येतोय? परत फ्लॅश करण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. लॅपटॉप रात्री नीट बंद केला होता. सकाळी चालू केला तर पंखा घोंघावायला लागला, कंपनीच्या लोगोखाली पट्टी सरकली, मशीन दोनदा आपोआप रिस्टार्ट झालं आणि मग निळी स्क्रीन. कुणाला बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची) की मागते, कुणाला 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसतं, कुणाचं विंडोज उघडतं पण तासाभरात सगळं गोठतं. ओळखीतला कुणीतरी जुनं बायोस टाकून देतो. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि एका सकाळी पुन्हा तोच पंखा, तीच पट्टी, तीच निळी स्क्रीन.

यातला 'पुन्हा' महत्त्वाचा. फर्मवेअर म्हणजे मशीनच्या चिपमध्येच राहणारा प्रोग्रॅम, बायोस हे त्यातलंच एक. ते आपण होऊन चिपमध्ये जाऊन बसत नाही, कुणीतरी ते टाकतं (यालाच फ्लॅश करणं म्हणतात). कोण टाकतंय ते शोधलं नाही तर जुनं बायोस कितीही वेळा टाका, ते टिकणार नाही. दुसरं म्हणजे अपडेटनंतर येणाऱ्या एररपैकी बऱ्याच एररचा नव्या फर्मवेअरमधल्या चुकीशी संबंधच नसतो. अपडेटने सेटिंग पुसलेली असतात, एवढंच. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये हा प्रकार इतका नेहमीचा आहे की 'बायोस खराब आलंय' असं कुणी सांगितलं तरी मी पेनड्राइव्हला हात लावत नाही. आधी बायोसमध्ये जाऊन सेटिंग बघतो.

दोष फर्मवेअरचा आहे हे कशावरून?

विंडोज उघडत असेल तर स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' टाइप करा आणि 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडा. हे विंडोजमधलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचं पान आहे. तारखांचे उभे रकाने दिसतात, ज्या दिवशी मशीन पडलं त्या दिवशी लाल फुली आणि ज्या दिवशी काही इन्स्टॉल झालं तिथे निळी खूण. लाल फुल्यांची रांग जिथून सुरू होते त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांवर क्लिक करा. कंपनीचं नाव, पुढे 'फर्मवेअर' आणि मग आकडा, अशी नोंद सापडली तर संशयाला जागा आहे. लाल फुल्या त्या तारखेच्या आधीपासून असतील तर फर्मवेअरला दोष देऊ नका. रॅम, एसएसडी आणि चार्जर तपासा.

हीच नोंद सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या अपडेट हिस्टरीत 'ड्रायव्हर अपडेट्स'खालीही सापडते. आत्ता चिपमध्ये कोणतं व्हर्जन आहे ते 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस व्हर्जन/डेट' या ओळीत दिसतं. मात्र तिथली तारीख कंपनीने ते बायोस तयार केल्याची असते, तुमच्या मशीनमध्ये शिरल्याची नव्हे. या तारखेवरून बरेच वाद झालेले मी ऐकले आहेत.

इव्हेंट व्ह्यूअर उघडणाऱ्यांना 'कर्नल पॉवर ४१' हमखास दिसतो आणि सगळे तिथेच अडकतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं ते तो सांगत नाही. लाइट गेली तरी हीच नोंद आणि प्रोसेसर अडकला तरी हीच. शोधायचं ते 'व्हिया लॉगर' (WHEA-Logger) या नावाखाली. तिथे १८ नंबर म्हणजे हार्डवेअरची जीवघेणी चूक, १९ म्हणजे चूक झाली पण प्रोसेसरने सावरली, १७ बहुतेक वेळा पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीतली सावरलेली चूक. अपडेटपूर्वी यातलं काही नव्हतं आणि अपडेटच्या दिवसापासून रोज १८ किंवा १९ येत असेल तर संशय पक्का होत जातो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'फर्मवेअर' नावाचा एक गट असतो, त्यात 'सिस्टिम फर्मवेअर'. त्यावर पिवळा त्रिकोण असेल तर गोष्ट वेगळी: अपडेट लागलेलंच नाही, लागायचा प्रयत्न होऊन फसतंय. दर रिस्टार्टला पट्टी दिसते, अर्ध्यावरून मशीन परत येतं, आणि पुढच्या वेळी विंडोज नव्या उमेदीने पुन्हा तेच करतं. याचं सगळ्यात सामान्य कारण बॅटरी. बऱ्याच लॅपटॉपचं फर्मवेअर चार्जर लावलेला असला तरी बॅटरीत ठरावीक चार्ज असल्याशिवाय अपडेट घेतच नाही. ज्यांनी बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली आहे आणि लॅपटॉप वर्षभर नुसत्या चार्जरवर चालवला आहे, त्यांच्याकडे हे चक्र थांबायचं नाव घेत नाही. तिथे बायोस शोधत बसू नका, बॅटरी बदला.

अपडेटने पुसलेली सेटिंग

बायोस अपडेट होताना कित्येक मशीन आपली सेटिंग फॅक्टरी डिफॉल्टवर नेतात. कंपनीचं डिफॉल्ट आणि तुमचं विंडोज ज्या सेटिंगवर इन्स्टॉल झालं ते सेटिंग एकच असेल याची खात्री नाही.

'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' ही निळी स्क्रीन याचं आदर्श उदाहरण. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये स्टोरेजचा कंट्रोलर दोन प्रकारे चालू शकतो: साधा एएचसीआय, किंवा इंटेलचा आरएसटी, जो नव्या मशीनच्या बायोसमध्ये व्हीएमडी या नावाखाली दिसतो. विंडोज एका प्रकारावर इन्स्टॉल झालं असेल आणि अपडेटनंतर बायोस दुसऱ्या प्रकारावर गेलं असेल तर विंडोज चालू व्हायला लागतं, स्वतःचीच डिस्क त्याला दिसत नाही आणि ते कोसळतं. डिस्क ठणठणीत असते, डेटा जागच्या जागी असतो. बायोसमध्ये जा, 'स्टोरेज', 'साटा मोड' किंवा 'व्हीएमडी' असं काही शोधा, आहे त्याच्या उलट करा, सेव्ह करून बाहेर या. पाच मिनिटांचं काम. याच स्क्रीनवर घाबरून लोकांनी विंडोज फॉरमॅट मारलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यात आयुष्यभराचे फोटो गेलेले पाहिले आहेत.

'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर बूट मोड बघा. जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसीमध्ये इन्स्टॉल केलेलं विंडोज, बायोस नुसतं यूईएफआयवर (म्हणजे नव्या पद्धतीवर) गेलं की दिसेनासं होतं. व्हर्च्युअल मशीन किंवा अँड्रॉइडचा एम्युलेटर अचानक चालेनासा झाला तर प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन बंद झालेलं असतं. डेस्कटॉपवर रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) उडतं आणि मशीन मंद वाटायला लागतं. उलटंही होतं. एक्सएमपी पुन्हा चालू केल्यावर नव्या बायोसला तीच रॅम त्या वेगाने झेपत नाही आणि फ्रीझ सुरू होतं. म्हणून फर्मवेअर खराब असल्याचा निकाल देण्याआधी रॅम एक-दोन दिवस मूळ वेगावर चालवून बघा.

डीडीआर५ रॅम असलेल्या नव्या डेस्कटॉपवाल्यांसाठी एक सूचना. बायोस अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळात बटण दाबून बंद करू नका. चहा टाका.

बिटलॉकर दर वेळी की मागतंय

फर्मवेअर अपडेटनंतरचा हा सगळ्यात जास्त घाम फोडणारा प्रकार, कारण अनेकांना आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हेच माहीत नसतं. नवा लॅपटॉप घेतला, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, की बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून तर नव्याने इन्स्टॉल केलेल्या आणखी कितीतरी मशीनवर ते आपोआप लागतं.

की मागणाऱ्या निळ्या स्क्रीनवर 'रिकव्हरी की आयडी' लिहिलेला असतो. त्याची पहिली आठ अक्षरं कागदावर उतरवा. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा आणि ज्या कीचा आयडी या आठ अक्षरांशी जुळतो ती घ्या. एकाच अकाउंटवर घरातल्या तीन लॅपटॉपच्या की पडलेल्या असतात, त्यामुळे पहिली दिसेल ती टाइप करून 'चालत नाही' म्हणू नका. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की तुमच्या नव्हे, ऑफिसच्या अकाउंटवर असते. तिथल्या आयटीवाल्यांना फोन करा.

की ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. यातला प्रत्येक गट ११ ने निःशेष भागला जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की मशीनला तो गट चुकल्याचं लगेच कळतं. फोनवरून कुणाला की सांगताना मला याचा फार उपयोग होतो: एखादा गट ऐकण्यात गोंधळला तर कॅल्क्युलेटरवर ११ ने भागून बघायचा.

की टाकली, विंडोज उघडलं, आणि पुढच्या रिस्टार्टला पुन्हा की मागितली, तर काय? मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये टीपीएम नावाचा, किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग असतो. मशीन चालू होताना फर्मवेअरपासून बूट लोडरपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचं मोजमाप त्यात नोंदलं जातं, आणि नोंद पूर्वीसारखीच आली तरच टीपीएम डिस्कची किल्ली देतो. फर्मवेअर बदललं की नोंद बदलते. आता जी नवी नोंद आहे तीच बरोबर धर, असं बिटलॉकरला सांगितलं नाही तर तो रोज हटकणार. सोसायटीत नवा वॉचमन आला की रजिस्टरमध्ये नाव चढेपर्यंत तो राहणाऱ्यालाही अडवतो, तसंच.

नोंद चढवायची रीत सोपी आहे. विंडोज उघडल्यावर कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरच्या पानावर 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा, एकदा रिस्टार्ट करा, मग 'रिझ्यूम' करा. रिझ्यूम होताना किल्ली नव्या नोंदीशी पुन्हा बांधली जाते. होम आवृत्तीत हे बटण मिळत नाही. तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'मॅनेज-बीडीई' या कमांडने प्रोटेक्टर्स डिसेबल आणि मग एनेबल करता येतात. कमांडची भीती वाटत असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. वेळ जास्त लागतो, काम तेच होतं.

मात्र त्याआधी बायोसमधलं सिक्युअर बूट बघा, म्हणजे चालू होताना फक्त विश्वासातले प्रोग्रॅम चालू देणारं सेटिंग. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर बिटलॉकर साधारणपणे टीपीएमच्या ७ आणि ११ नंबरच्या नोंदींवर भिस्त ठेवतो. बायोसचा कोड बदलल्याने बदलते ती ० नंबरची नोंद. म्हणजे अशा मशीनवर साध्या बायोस अपडेटनंतर की मागायलाच नको. तरी मागितली, तर बहुतेकदा अपडेटने सिक्युअर बूट बंद केलेलं असतं किंवा त्याच्या किल्ल्या बदललेल्या असतात. आधी सिक्युअर बूट पूर्ववत करा, मग सस्पेंड-रिझ्यूम. उलट क्रमाने केलंत तर सिक्युअर बूट चालू केल्या क्षणी परत तीच निळी स्क्रीन.

एएमडीच्या मदरबोर्डवर अपडेटनंतर काळ्या स्क्रीनवर एक इंग्रजी मजकूर येतो: नवा प्रोसेसर बसवला आहे किंवा एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या टीपीएमचा) साठा बदलला आहे, रीसेट करायला 'वाय' दाबा, नको असेल तर 'एन' दाबा. लोक सवयीने 'वाय' दाबतात. 'वाय' म्हणजे टीपीएममधल्या किल्ल्या पुसल्या जाणार. रिकव्हरी की हातात असल्याशिवाय 'वाय' नाही. 'एन' दाबून मशीन चालू होतंय का बघा, की शोधून ठेवा, मग काय ते ठरवा.

फर्मवेअर खरोखरच सदोष असतं तेव्हा

असतं, आणि मोठमोठ्या कंपन्यांचंही असतं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटी जाहीर झाल्या, घाईघाईने प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसमधून वाटला गेला आणि इंटेलच्या हॅसवेल, ब्रॉडवेल पिढीची मशीन अवेळी रिस्टार्ट व्हायला लागली. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की हे अपडेट लावणं थांबवा. लॅपटॉप कंपन्यांनी आपापली बायोस मागे घेतली, आणि महिना संपता संपता मायक्रोसॉफ्टला त्या दुरुस्तीचा एक भाग बंद करणारं वेगळं अपडेट काढावं लागलं. त्याआधी २००९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ हार्ड डिस्क फर्मवेअरमुळे बंद पडत होत्या. त्यावर उपाय म्हणून आलेल्या फर्मवेअरने ५०० जीबीच्या काही चांगल्या डिस्कच बंद पाडल्या. तेही मागे घ्यावं लागलं.

म्हणून सेटिंग तपासून झाली, रॅम मूळ वेगावर आहे, आणि तरीही त्रास अपडेटच्याच तारखेपासून आहे, तर कंपनीच्या सपोर्ट साइटवर आपल्या मॉडेलचं पान उघडा. तुमच्यात शिरलेलं व्हर्जन तिथल्या यादीतून गायब असेल तर समजा की कंपनीने ते गुपचूप काढून घेतलं आहे. त्याच्यापेक्षा नवं व्हर्जन आलं असेल तर मागे जाण्यापेक्षा पुढे जाणं बरं. पुढचं नसेल तरच मागे.

मागे जाण्याबाबत दोन गैरसमज. डिव्हाइस मॅनेजरमधून 'सिस्टिम फर्मवेअर' अनइन्स्टॉल केलं म्हणजे जुनं बायोस आलं, असं होत नाही. तिथे जे पुसलं जातं ते विंडोजकडचं पॅकेज, चिपमधलं फर्मवेअर जसंच्या तसं राहतं. 'रोल बॅक ड्रायव्हर'ही तिथे कामाचं नाही. जुनं बायोस कंपनीच्या साइटवरून उतरवून कंपनीच्याच पद्धतीने टाकावं लागतं. दुसरं, ते दर वेळी टाकता येतंच असं नाही. सुरक्षेची त्रुटी बुजवणाऱ्या व्हर्जननंतर कंपन्या मागचा रस्ता मुद्दाम बंद करतात. लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये तर 'सिक्युअर रोलबॅक प्रिव्हेन्शन' नावाचं सेटिंगच आहे. डाउनलोडसोबत येणारी रीडमी फाइल वाचा, 'या व्हर्जनच्या मागे जाता येणार नाही' हे वाक्य तिथे स्पष्ट छापलेलं असतं. आणि परस्पर कुठल्यातरी साइटवरून 'अनलॉक केलेलं' बायोस उतरवू नका.

टाकताना चार्जर लावलेला, बॅटरी भरलेली, बिटलॉकर सस्पेंड केलेलं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधा इन्व्हर्टर लाइट गेल्यावर चालू व्हायला जो क्षण घेतो तेवढ्यात डेस्कटॉप रिस्टार्ट होऊ शकतो, आणि फ्लॅश होत असताना तेवढंच पुरतं. पावसाळ्यात वीज लपंडाव खेळत असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

परत येऊ नये म्हणून दारं बंद करा

आता मूळ प्रश्न: ते पुन्हा कोण टाकतं? बहुतेक वेळा विंडोज अपडेट. कंपनी नवं फर्मवेअर मायक्रोसॉफ्टकडे ड्रायव्हरसारखं देते, विंडोज ते उतरवून ठेवतं आणि पुढच्या रिस्टार्टला मशीनच्या यूईएफआयकडे 'कॅप्सूल' म्हणून सोपवतं. विंडोजला तुम्ही मुद्दाम मागे गेला आहात हे कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की जुनं व्हर्जन आहे आणि आपल्याकडे नवं आहे.

हे थांबवायची सगळ्यात खात्रीची जागा बायोसमध्येच आहे. डेलमध्ये 'यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स', थिंकपॅडमध्ये 'विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट', एचपीच्या ऑफिसवाल्या लॅपटॉपमध्ये 'नेटिव्ह ओएस फर्मवेअर अपडेट सर्व्हिस'. ते बंद केलं की विंडोजने कितीही कॅप्सूल दिल्या तरी फर्मवेअर त्या घेत नाही. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये हे सेटिंग अनेकदा नसतं. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत विंडोज अपडेटखाली 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' चालू करता येतं, पण मग वायफाय, ग्राफिक्स, सगळेच ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून यायचे थांबतात. ते चालत असेल तर करा.

आणि इथे बरेच जण थांबतात. लॅपटॉपसोबत आलेलं कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप विसरतात: डेलचं सपोर्टअसिस्ट, लेनोवो व्हँटेज, एचपी सपोर्ट असिस्टंट, मायआसुस. विंडोजचं दार लावलं आणि या अ‍ॅपमधलं ऑटो अपडेट तसंच राहिलं, तर बायोस त्या वाटेने येतं. दोन्हीकडे बघा. लिनक्सवर हेच काम 'एफडब्ल्यूअपडी' करतं. तिथे सहसा विचारल्याशिवाय काही टाकलं जात नाही, त्यामुळे 'अपडेट ऑल' दाबताना यादीत फर्मवेअर आहे का तेवढं वाचलं तरी पुरतं.

दार कायमचं लावून ठेवा असं मात्र मी सांगणार नाही. 'चालतंय ना, मग बायोसला हात लावू नका' हा जुना सल्ला आता अर्धाच खरा आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजने हळूहळू खराब होत होते. गेम खेळताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा दिशाभूल करणारा एरर यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. त्यावरचा मायक्रोकोड ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधूनच आला. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचा प्रोसेसर झिजण्याचा धोका तसाच राहिला, आणि झालेली झीज नंतरच्या अपडेटने भरून येत नाही. शिवाय सिक्युअर बूटची २०११ सालची मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात. ती बदलण्यासाठी विंडोज अपडेट आणि काही मशीनवर नवं फर्मवेअरही लागतं. दुरुस्त व्हर्जन आलं, सोबतची टीप वाचली, आठ-पंधरा दिवस इतरांच्या तक्रारी बघितल्या, की दार उघडून ते घ्यावं. बिटलॉकरची की आधी कागदावर.

एसएसडीच्या फर्मवेअरचंही असंच असतं. सॅमसंग ९९० प्रोच्या एका फर्मवेअरमुळे डिस्कची 'हेल्थ' भराभर खाली जायची. २०२३ मध्ये नवं फर्मवेअर आलं, पण खाली गेलेला आकडा वर आला नाही. आणि एचपीई कंपनीच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी तर बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडत होत्या, फर्मवेअरमधल्या मोजणीच्या चुकीने. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच वेळी जायच्या, मग रेड (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) असून काय उपयोग! एसएसडीचं फर्मवेअर बदलताना बॅकअप घ्यायचा, बाकी नियम तेच.

मशीन अजिबात उठत नसेल तर

चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करा. एवढ्याने उठलं तर उत्तम. नाही उठलं तर बहुतेक कंपन्यांनी आपत्कालीन वाट ठेवलेली असते. डेलच्या लॅपटॉपमध्ये कंट्रोल आणि एस्केप दाबून ठेवून चार्जर लावायचा, रिकव्हरीची स्क्रीन येईपर्यंत सोडायचं नाही. एचपीमध्ये विंडोज आणि बी एकत्र दाबून ठेवून पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबायचं, मग पॉवर सोडायचं पण विंडोज आणि बी धरूनच ठेवायचं. काही मॉडेलमध्ये बीऐवजी व्ही.

डेस्कटॉपच्या चांगल्या मदरबोर्डवर मागच्या बाजूला यासाठी वेगळं बटण असतं: आसुसचं बायोस फ्लॅशबॅक, एमएसआयचं फ्लॅश बायोस, गिगाबाइटचं क्यू-फ्लॅश प्लस. प्रोसेसर किंवा रॅम चालू होण्याची गरज नसते, नुसता पॉवर सप्लाय लागतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आणि फाइलचं नाव कंपनी सांगते तेच हवं. एमएसआयसाठी 'एमएसआय डॉट रॉम', गिगाबाइटसाठी 'गिगाबाइट डॉट बिन', आसुससाठी झिपमध्येच नाव बदलणारा छोटा प्रोग्रॅम असतो. पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टलाच लावायचा. आसुसच्या बोर्डवर दिवा लुकलुकत राहिला तर काम चालू आहे. लुकलुकणं थांबून तो नुसताच पेटून राहिला तर फाइल वाचली गेलेली नाही, आणि दहातल्या नऊ वेळा चूक नावात किंवा फॉरमॅटमध्ये असते.

यातलं काहीच चाललं नाही तर चिप लेव्हलवाला गाठायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास असे कारागीर आहेत आणि आता तालुक्याच्या गावीही सापडतात. मदरबोर्डवर आठ पायांची, शेंगदाण्याच्या दाण्याएवढी चिप असते, तिच्यात बायोस राहतं. एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, तो पहिला पाय. चिपला चिमट्यासारखी लावायच्या क्लिपची लाल तार त्या पायाला लागते आणि प्रोग्रॅमर नावाच्या छोट्या उपकरणातून फाइल सरळ चिपमध्ये लिहिली जाते. काम तासाभराचं. पण दोन गोष्टी आपण होऊन सांगा. एक, लिहिण्याआधी जुना डेटा जसा असेल तसा वाचून त्याची प्रत ठेवा. त्याच चिपमध्ये तुमच्या मशीनचा सिरीयल नंबर, सर्व्हिस टॅग आणि विंडोजची परवाना की असते. दुसऱ्या मशीनची फाइल तशीच चढवली तर लॅपटॉप उठतो खरा, पण कंपनीच्या नोंदीत तो दुसराच कुणीतरी असतो. दोन, चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची, हे तिच्या नंबरावरून तपासा. १.८ च्या चिपला थेट ३.३ दिले तर ती कायमची जाऊ शकते, आणि बाजारातल्या स्वस्त काळ्या प्रोग्रॅमरच्या डेटाच्या पायांवर तर ५ व्होल्टपर्यंत येतात.

वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काही करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. तिथे पहिलं उत्तर बहुधा 'मदरबोर्ड बदलावा लागेल' असं येतं. बोर्ड बदलला की टीपीएमही बदलतो, म्हणजे बिटलॉकरची की पुन्हा लागणार. ती असल्याशिवाय बोर्ड बदलायला हो म्हणू नका. आणि अपडेट विंडोजमधून किंवा कंपनीच्याच अ‍ॅपमधून आलं होतं, हे तारीख आणि व्हर्जनसह जॉबशीटवर लिहून घ्या. रिलायबिलिटी हिस्टरीचा मोबाइलने काढलेला फोटो असेल तर तोही तिथेच जोडा, कारण 'ग्राहकाने चुकीचं बायोस टाकलं' असा शेरा एकदा पडला की वॉरंटीसाठी भांडत बसावं लागतं.